परत मागितलेला आहेर

"ठेव तो ग्लास खाली, सूनबाई! ज्या घरानं दिलेला आहेर माघारी मागितला, त्या घरच्या पाण्याचा घोट माझ्या घशाखाली उतरायचा न्हाय!"

चंद्रभान आण्णांनी हात झटकला आणि वैभवीच्या हातातलं पाणी तिच्याच पदरावर सांडलं. भर दुपारची वेळ, ताटं वाढलेली, तव्यावर भाकरी... आणि लग्न होऊन आल्या दिवसापासून जे सासरे तिच्या हातच्या पाण्याशिवाय पहिला घास मोडत नव्हते, ते आज तिच्याकडे न बघता ओसरीचा खांब धरून उभे! काय करावं माणसानं अशा वेळी? वैभवी ओल्या पदराने तशीच उभी राहिली.

झालं होतं असं. सकाळी मनोरच्या पुढच्या डोंगरपाड्यावरून जिवल्या आला होता. जिवल्या म्हणजे आण्णांच्या कारखान्याचा पहिला कामगार; तारापूरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये 'गोजरा डायकेम' सुरू झालं, तेव्हा रंगाची पहिली टाकी ज्या दोघांनी खांद्यावरून आत नेली, त्यातला एक आण्णा आणि दुसरा हा. आता म्हातारा झालेला, पाड्यावर भाताचा तुकडा करून राहणारा. मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन तो कुंभवलीला आण्णांच्या घरी आला, अक्षता दिल्या, आणि मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "आण्णा, एक इचारू? आमचं काय चुकलं?"

"का रं? काय झालं?"

"तुमचा टेम्पो आलेला पाड्यावर. तुमी आहेरात दिलेलं डरम उचलून नेलं. नव्या पांढऱ्या टाक्या ठेवल्या, नाय ठेवल्या असं नाय. पन लग्नातला आहेर कोन परत नेतं, आण्णा? ती मानसं हिंदीत बोलली, 'साब का ऑर्डर है,' आन् डरममधलं पानी तिथंच ओतलं. बाया रडल्या."

एवढं बोलून जिवल्या गेला. पुढ्यातल्या चहाला त्यानं हातसुद्धा लावला नाही.

दुपारी आण्णांचा मुलगा, वैभवीचा नवरा इंद्रजीत कारखान्यातून जेवायला घरी आला आणि आण्णांचा बांध फुटला. "नव्या टाक्या दिल्यात ना आण्णा, मोठ्या, चांगल्या..." असं तो पुटपुटला, तसे आण्णा कडाडले, "टाकीवर त्या पोरीचं नाव हाय का? माझ्या हातची हळद हाय का? आरं, भिकाऱ्याला टाकलेला तुकडासुद्धा कुणी माघारी मागत न्हाय, आन् तू लेकीबाळींचा आहेर उचलून आणलास!"

सासूबाई, गोजराबाई, स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या, बोलल्या कसल्या, बाणच सोडले. "माझा इंद्रजीत असा नव्हता गं बाई! शिकलेली सून आणली, कारखान्याच्या हापिसात खुर्ची टाकून बसवली... घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणत्यात, ते काय खोटं न्हाय!"

इंद्रजीतचे ओठ हलले. तो आता बोलणार, सगळं बोलून टाकणार, असं वैभवीला स्पष्ट दिसलं... आणि त्याच क्षणी आण्णांचा हात छातीवर गेला, तिथेच, जिथे मागच्या वर्षीच्या ऑपरेशनचे टाके होते! ती पुढे झाली.

"आण्णा, त्यांना बोलू नका. मीच सांगितलं ड्रम परत आणायला. भंगारात... भंगारात चांगला भाव येतो त्यांना."

इंद्रजीतने मान खाली घातली, आणि वैभवीने पाण्याचा ग्लास पुढे केला. पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

आता खरं काय होतं ते सांगायला हवं, कारण त्या घरात ते बोलायची कुणाची टाप नव्हती.

आण्णा मूळचे माण तालुक्यातले. तिथे त्यांच्या आईची उभी हयात डोक्यावर हंडा घेऊन चालण्यात गेली. तरुणपणी ते तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामावर आले, मग एका रंगाच्या कारखान्यात फिटर झाले, मग स्वतःची शेड टाकली आणि बायकोचं नाव दिलं. कारखान्यात निळे प्लास्टिकचे ड्रम यायचे, आतलं रसायन संपलं की रिकामे पडायचे. आण्णांनी ते पाहिले आणि त्यांना आई आठवली. कामगाराच्या घरी लग्न निघालं की आण्णा स्वतः एक ड्रम निवडायचे, सोड्याच्या पाण्याने घासायचे, उन्हात उपडा घालायचे, आत डोकं घालून वास घ्यायचे. वास गेला की म्हणायचे, "झाला बघ गंगेसारखा!" मग पांढऱ्या रंगाने नवरीचं नाव काढायचे आणि हळदीची पाच बोटं उमटवायचे. "सोनं काय, बाई कपाटात ठेवती. पाणी रोज लागतं," हे त्यांचं बोलणं त्या सगळ्या पाड्यांना पाठ होतं. कुणाच्या दारात आण्णांच्या बोटांचा ड्रम असणं म्हणजे त्या घराचा मान. दुसऱ्याच्या लेकीच्या डोक्यावरचा हंडा उतरवणारा हा माणूस, त्याच्यावर सगळ्या मुलखाची माया जडली तर नवल काय?

तेव्हा रिकामा ड्रम कुठे गेला, हे विचारणारं कुणी नव्हतं. मग दिवस पालटले. प्रदूषण बोर्डाचे नियम कडक झाले, सांडपाण्याचे झाले, हवेचे झाले. शेजारच्या दोन शेडना टाळं लागलं, त्यांचे मालक कर्ज नको आणि कारखाना नको म्हणून गावी निघून गेले. रिकाम्या ड्रमचाही नियम आला. प्रत्येक ड्रम परवाना असलेल्या ठिकाणीच धुवायला नाहीतर मोडायला जायचा, मधे कुठे नाही. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे परदेशातली खरेदीदार कंपनी! त्यांच्या देशात कायदा झाला होता, की माल जिथून घेता तिथल्या माणसांचं, पाण्याचं काही वाईट झालं तर जाब तुम्ही द्यायचा. त्यांनी मग इंद्रजीतला प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे त्या लोकांनाही ठाऊक असावं. ऑर्डर त्यांची, आणि अख्खा कारखाना त्या ऑर्डरवर चालणारा.

त्या प्रश्नांची उत्तरं वैभवीने द्यायची. ती रसायनशास्त्र शिकलेली, वीज केंद्रातल्या कर्मचाऱ्याची मुलगी. उत्तरं देता देता एका प्रश्नावर ती अडखळली. आजवरचे रिकामे ड्रम कुठे गेले? तिला हळदीची बोटं आठवली. तिने घरामागे झाडांच्या पाण्यासाठी ठेवलेल्या जुन्या ड्रमचा एक तुकडा कापला आणि प्रयोगशाळेत पाठवला. जे कळलं त्याने तिची झोप उडाली... ड्रम धुतला, वास गेला, तरी प्लास्टिकच्या अंगात मुरलेलं रसायन थोडं थोडं पाण्यात उतरतच राहतं!

तिने इंद्रजीतला सांगितलं, तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "ऑर्डर जाईल." खोटं कशाला बोला? पहिली भीती ऑर्डरचीच होती. दुसरं वाक्य मात्र त्याने भिंतीला टेकून, डोळे मिटून म्हटलं.

"आण्णांना कळलं तर आण्णा जातील, वैभवी. त्यांनी आयुष्यात एकच पुण्य केलंय असं ते समजतात. ते मी पाप होतं म्हणून सांगू?"

"पण पाड्यावरच्या लोकांना तरी..."

"लोकांना सांगितलं की आण्णांच्या कानावर आलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची! गुपचूप ड्रम आणू, नव्या टाक्या देऊ. लोकांचं भलंच होईल ना?" आणि त्याने शेजारी झोपलेल्या त्यांच्या लहानग्या लेकीच्या, स्वराच्या डोक्यावर वैभवीचा हात ठेवला. "शपथ घे, बोलणार नाहीस."

तिने शपथ घेतली. नवऱ्याचं काळीज, सासऱ्याचा जीव, कारखान्यातल्या सगळ्यांच्या चुली पेटवणारी नोकरी... एका बाईच्या मौनावर किती भार टाकावा, याला काही सुमार?

त्या दुपारनंतर घर बदललं. आण्णा स्वतः उठून माठातलं पाणी घेऊ लागले. वैभवी ताट वाढायची, ते जेवायचे. तिने तांब्या पुढे केला की तो तसाच राहायचा. गोजराबाई आल्यागेल्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमच्याकडं आता आहेराचंबी भंगार होतं!" वैभवी ऐकायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रात्री इंद्रजीत तिचा हात हातात घ्यायचा, "माझ्यामुळे..." एवढंच म्हणायचा. तीच त्याची समजूत घालायची. पण मनात एक गोष्ट तिला टोचत होती, आणि ती सासऱ्यांच्या रागाहून वाईट होती. टेम्पो गेला त्या घरांतले ड्रम आले. पण ज्या घरांनी ड्रम लपवले असतील, त्यांचं काय? का द्या, हेच कुणी न सांगितल्यावर आहेराची वस्तू कोण देईल?

जिवल्याच्या मुलीच्या, दीपिकेच्या लग्नाचा दिवस उजाडला. नेमकी त्याच दिवशी परदेशी कंपनीची तपासणीस बाई कारखान्यात येणार होती. इंद्रजीत पहाटेच निघून गेला होता. वैभवीनेही मागाहून जायचं ठरलं होतं, पण अंगणात येऊन बघते तो काय...

अंगणात निळा ड्रम! ओला, लखलखीत. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'चि. सौ. कां. दीपिका'. आणि आण्णा वाकून, हळदीत बुडवलेला हात त्यावर टेकवत होते.

"आण्णा! हा कुठून आणला?"

"बोईसरच्या भंगारवाल्याकडनं. आपलाच हाय जुना." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तू इकलेला असशील. मी इकत आणला. स्वतःच्या हातानं घासलाय."

बाई गं! त्या सुरकुतल्या हातांची सालं सोड्याने निघाली होती. ते हात धरावेत आणि सगळं सांगून टाकावं, असं वैभवीला झालं... पण स्वराच्या मऊ केसांचा स्पर्श तिच्या तळव्यात अजून तसाच होता. इकडे आड तिकडे विहीर! तिने कसाबसा आवाज सावरला.

"मी येते तुमच्याबरोबर."

"काही गरज न्हाय."

"आहेर घरच्या सुनेच्या हातून द्यायचा असतो, आण्णा. आईंचे गुडघे धरलेत. मग कोण देणार?"

रीत म्हटल्यावर आण्णांचा नाइलाज झाला. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी ते बसले, त्यांच्या पलीकडे वैभवी. जिवल्याच्या बायकोला, बायडीला बाजूला घेऊन हळूच सांगायचं, ड्रममध्ये धान्य ठेवू नकोस, पाणी भरू नकोस, कारण विचारू नकोस... असे बेत ती करत होती. डोंगराचा चढ लागला, पळसाची पानं वाऱ्याने हलत होती, आणि तिला तिचा प्रत्येक बेत फोल वाटत होता.

पाड्यावर मांडव घातला होता. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा लग्नचौक काढलेला, लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं चाललेलं, तारपा वाजवणारा सावलीत बसलेला. आण्णांना बघून गाणं जरा मंदावलं. टेम्पोतल्या ड्रमकडे बायांनी पाहिलं, आणि एकमेकींकडे पाहिलं. जिवल्याची बायको बायडी पुढे आली. तिचा चेहरा फुलला होता.

"आण्णा! मी बोललेच व्हते यांना, आण्णा नाय परत नेनार. ती टेम्पोवाली मानसंच चोर असतील." मग ती आवाज खाली आणून हसली. "आमच्या घरचा नाय दिला मी. पोऱ्याच्या लग्नात तुमी दिलेला. मागं पेंढ्यात लपवला, वर लुगडं टाकलं. तुमचं दिलेलं कसं देऊ?"

आणि तिने घराच्या मागून हाक मारली, "सूनबाय, आण्णांना पानी आन गं! त्यांच्याच डरमातलं आन!"

वैभवीने पाहिलं. बायडीची सून तांब्या घेऊन येत होती. तिच्या कडेवर वर्षाचं पोर, पोराच्या हातात स्टीलचा छोटा पेला. आण्णांनी समाधानाने तांब्या दोन्ही हातांत घेतला. आज कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्यांनी तांब्या कपाळाला लावला, तोंडाशी नेला...

"आण्णा, नका!!"

कसं झालं, तिला कळलं नाही. तिचा हात उचलला गेला आणि तांब्या खणखणत मांडवाच्या मेढीवर जाऊन आदळला. पाणी लग्नचौकाच्या पायथ्याशी सांडलं. धवलेरी गाता गाता थांबली. सुनेने सासऱ्याच्या हातातलं पाणी उडवलं! तेही लग्नघरी, यजमानाने दिलेलं! जिवल्याचा चेहरा काळवंडला.

"सूनबाई!" आण्णांचा आवाज फाटला. "माझा राग व्हता तर मला मारायचं व्हतंस! ह्यांच्या घरचं पाणी..."

"ते पाणी पिऊ नका, आण्णा!" ती रडत त्यांच्या पायाशी बसली. शपथ, ऑर्डर, अब्रू, सगळं त्या सांडलेल्या पाण्याबरोबर वाहून गेलं. "ड्रम कितीही धुतला तरी त्यातलं रसायन जात नाही... प्लास्टिकमध्ये मुरतं, आणि पाण्यात उतरतं. आम्ही तपासून घेतलंय. म्हणून ड्रम परत आणायचे होते. भंगाराचं मी खोटं बोलले. तुमच्या जिवाला लागेल म्हणून..."

आण्णा ऐकत होते. त्यांचा हात छातीवर गेला नाही. ते हळूहळू वळले, त्यांनी त्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं. पोर पेल्यातलं पाणी पीत होतं.

"माझ्या हातातला तांब्या उडवलास, पोरी," ते म्हणाले. आवाज इतका हळू, की मांडवातल्या माणसांना पुढे वाकावं लागलं. "ह्याच्या हातातला पेला इतके दिवस कुणी उडवला न्हाय?"

वैभवीने पोराकडे पाहिलं. खरंच! इतके दिवस ती स्वतःला सोसणारी समजत होती, रोजचा अपमान गिळताना मनातल्या मनात कुठेतरी पुण्याची शिदोरी बांधत होती... आणि त्या शिदोरीची किंमत हे लेकरू भरत होतं! तिने उठून पोराच्या हातातला पेला काढून घेतला. पोर रडायला लागलं.

"म्हंजे... इख हाय?" जिवल्याने विचारलं.

"विष म्हणता येणार नाही, जिवल्याकाका. पण प्यायचं नाही. वर्षानुवर्षं तर मुळीच नाही. कुणाला काय झालंय, काही झालंय की नाही, ते डॉक्टरांनाच बघावं लागेल. मला खरंच माहीत नाही."

आता बायडी बोलली, आणि तिच्या डोळ्यांत एक टिपूस नव्हता. "तुमाला ठावं व्हतं. आन् तुमी टेम्पो पाठवला. मानूस नाय पाठवला."

मोठमोठ्या कंपन्यांच्या जाबजबाबात जे सापडलं नव्हतं, ते त्या बाईने एका दमात सांगून टाकलं होतं.

आण्णा टेम्पोपाशी गेले. स्वतः घासलेला, स्वतः नाव काढलेला तो ड्रम त्यांनी खाली ओढला. जिवल्याच्या कमरेच्या आकड्यातला कोयता मागून घेतला आणि दीपिकेच्या नावावर घाव घातला... एक, मग आणखी, मग आणखी. हळदीची बोटं फाटली. ड्रमचे तुकडे पडले तेव्हाच ते थांबले, धापा टाकत. नवरीच्या वेशातली दीपिका दारात उभी राहून रडत होती.

"पोरी, तुझा आहेर माझ्याकडं उधार," ते तिला म्हणाले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी पसरलं आणि बायडीसमोर उभे राहिले. "तुझ्या घरातला ड्रम मला घाल."

"आहेर माघारी देत नाय, आण्णा. अशुभ असतं."

"मग भीक घाल. मी दिला व्हता, मीच मागतोय. मालक म्हणून न्हाय मागत. बायडी, मला चूक कळली नव्हती गं... आता कळली, आता तरी मागू दे!"

तो म्हातारा उन्हात उपरणं पसरून उभा होता, आणि हुंदके त्याला आवरत नव्हते. वैभवी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनेही पदर पसरला. बायडीने दोघांकडे पाहिलं. मग ती मागे गेली, पेंढा बाजूला केला, ड्रम गडगडत आणला आणि त्यांच्या पायाशी सोडला. ते बघून दुसऱ्या घरातून एक आला, मग तिसऱ्या. कुणी माळ्यावर लपवलेला, कुणी गोठ्यात. पण बायडीने त्यांना 'बसा' म्हटलं नाही, आणि पुन्हा पाणीही विचारलं नाही.

टेम्पोत ड्रम भरले तेव्हा आण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "घरी न्हाय. कारखान्यात घे."

कारखान्याच्या फाटकात इंद्रजीत त्या परदेशी बाईंना हिरवीगार बाग दाखवत होता. टेम्पो आत आला, त्याने हळदीच्या बोटांचे ड्रम पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आण्णा उतरले. सरळ त्या बाईंसमोर गेले, हात जोडले आणि मराठीत बोलू लागले. कुणाच्या लग्नात, कुठल्या पाड्यावर, कशासाठी ड्रम दिले. मग कळल्यावर घरानं काय लपवलं. बाईंनी भाषांतरासाठी वैभवीकडे पाहिलं.

इंद्रजीतच्या डोळ्यांत विनवणी होती. एखादा शब्द मऊ केला असता तर कुणाला कळलं असतं? 'दिले' ऐवजी 'चोरीला गेले' म्हणता आलं असतं... वैभवीने आण्णांचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला.

ऑर्डर थांबली. चमत्कार काही झाला नाही. बाई निघताना एवढंच म्हणाल्या, की शेवटचा ड्रम परत आल्यावर आणि पाड्यांवरच्या प्रत्येक माणसाची तपासणी झाल्यावर आपण पुन्हा बोलू. तोवर माल नाही. एक पाळी बंद करावी लागली. मनात आणलं असतं तर इंद्रजीतला कुणालाही दोष देता आला असता. त्या संध्याकाळी तो वैभवीला एवढंच म्हणाला, "शपथ मोडलीस."

"मोडली," ती म्हणाली. "स्वराच्या वयाचं पोर होतं ते, अहो."

आण्णा ओसरीवरून उठून आत आले. लेकाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "माझं काळीज जपायला तू काय काय केलंस रं... पण इंद्रजीत, बापाचं काळीज इतकं नाजूक समजू नये. खरं पचवणारं असतंय ते." तसा तो तरणाताठा माणूस बापाच्या छातीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. गोजराबाई दारात पदर तोंडात धरून उभ्या होत्या. त्या वैभवीजवळ आल्या, तिचा चेहरा ओंजळीत धरला, आणि "बाई, मी तुला काय काय बोलले गं..." म्हणत तिला कुशीत घेतलं.

वैभवीने डोळे पुसले, धावत जाऊन तांब्या भरला आणि आण्णांपुढे धरला. आण्णांनी मान हलवली.

"तुझ्यावर राग न्हाय, सूनबाई. आता मलाच हक्क न्हाय त्या पाण्यावर. मी ज्यांना पाजलं, त्यांनी पाणी दिल्याबिगर तुझ्या हातचं मागायला मला तोंड न्हाय."

मग सुरू झालं हिंडणं. आण्णा, इंद्रजीत आणि वैभवी. पाडा पाडा, घर घर. आण्णा उपरणं पसरायचे, इंद्रजीत ड्रम उचलायचा, वैभवी समजावून सांगायची. काही लोक रडले, काहींनी शिव्या दिल्या, एकाने कुत्रं अंगावर सोडलं. डॉक्टरांची गाडी यायची, रक्त तपासायची. पुष्कळांचं ठीक निघालं. काहींवर लक्ष ठेवायचं ठरलं, बायडीच्या नातवाचं नाव त्यात होतं. गोजराबाईंनी धाकट्या लेकराचं पथ्यपाणी करावं तसं त्या पोरासाठी करून पाठवायला घेतलं. आण्णा दर खेपेला बायडीच्या दाराशी थांबायचे. ती पोराची खुशाली सांगायची, आणि आत जायची. तिने पाणी विचारलं नाही.

"बरोबर हाय तिचं," आण्णा डोंगर उतरताना म्हणायचे.

पावसाळा सरला, भात पोटरीला आलं. शेवटच्या खेपेला, सगळे ड्रम आले असं कळवून झाल्यावर, तिघं बायडीच्या दाराशी उभे होते. दीपिका माहेरपणाला आलेली होती. आण्णांनी तिचा राहिलेला आहेर आणला होता, तांब्याची भलीमोठी कळशी. त्यावर ना रंग, ना बोटं. त्यांना बोटं उमटवायचा धीरच झाला नव्हता. दीपिकेने कळशी घेतली, निरखली, आत गेली, आणि हळदीची वाटी घेऊन बाहेर आली. तिने ती आण्णांपुढे धरली.

आण्णांची पाच बोटं कळशीवर वाकडीतिकडी उमटली.

तेवढ्यात बायडी बाहेर आली. तिच्या हातात मातीच्या डेऱ्यातून भरलेला तांब्या होता. नातू तिच्या लुगड्याला धरून पाठोपाठ चालत होता. तिने तांब्या पुढे केला. "घे, आण्णा. झऱ्याचं हाय."

आण्णांनी दोन्ही हात पुढे केले, आणि मागे घेतले.

"आधी हिला दे," ते वैभवीकडे बोट करून म्हणाले. "त्या दिवशी हिनं उडवला नसता, तर मी आजबी स्वतःला पुण्यवान समजत बसलो असतो. सूनबाई, तू पी. उरलं ते मला दे."

"आण्णा, काहीतरीच काय! माझं उष्टं..."

"दे म्हणतो ना."

वैभवीने तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं, तिच्या घशाखाली ते हुंदक्यासकट उतरलं. मग तिने तांब्या सासऱ्यांच्या हातात दिला. आण्णा नेहमी पाणी वरून प्यायचे. त्या दिवशी त्यांनी तांब्याला ओठ लावले, आणि तळ दिसेपर्यंत प्यायले.